साठवणीचा लेखी करार

एखाद्या गृहस्थानें पत्र लिहून टपालाच्या पेटींत टाकलें, म्हणजे तें पोंचलें असें होत नाहीं. पत्र पेटींत पडतें, पेटींतून कचेरींत जातें, कचेरींत थैलींत बांधलें जातें, आणि अखेरीस ज्याच्या नांवाचें त्याच्या हातीं पडतें. घरीं कोणी विचारलें, “पत्र गेलें का?” तर या चारही अवस्थांत “गेलें” हेंच उत्तर खरें ठरतें. नेहमींच्या व्यवहारांत ही संदिग्धता चालून जाते. परंतु पत्रांत घराच्या खरेदीखताची नक्कल असली, कीं “गेलें” म्हणजे नेमकें कोठवर गेलें, हें कळल्यावांचून शहाणा मनुष्य स्वस्थ बसत नाहीं. पोंचपावतीची सोय त्याच्याचसाठीं निघाली.

संगणकाच्या जगांत हाच प्रश्न क्षणोक्षणीं उभा राहतो. “मजकूर लिहिला का?” असें एक भाग विचारतो आणि “लिहिला” असें दुसरा सांगतो. या “लिहिला” शब्दाचा अर्थ कोणीं ठरविला, कोठें लिहून ठेवला, आणि तो न लिहिल्यास काय अनर्थ होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठीं उदाहरण घेतलें आहे तें एका यंत्राच्या पोटांत दुसरें यंत्र उभें करणाऱ्या खुल्या आज्ञावलींचें.

यंत्राच्या पोटांतील यंत्र म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. मोठमोठ्या संस्थांचें काम ज्या संगणकांवर चालतें, ते पुष्कळदां स्वतंत्र, हातानें दाखवितां येतील असे संगणक नसतातच. एका दणकट संगणकावर एका विशिष्ट आज्ञावलीच्या अनेक प्रती चालूं असतात, आणि प्रत्येक प्रत एका संपूर्ण संगणकाचा आभास निर्माण करते. खऱ्या यंत्रास यजमान व आभासी यंत्रास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. फाब्रीस बेलार या फ्रेंच तज्ज्ञानें २००३ सालीं क्यूएमू नांवाची अशी आज्ञावली लोकांपुढें ठेवली. पाहुण्याचें काम खऱ्या यंत्राच्या वेगानें चालावें म्हणून केव्हीएम नांवाची जोड २००६ सालीं निघाली, आणि फेब्रुवारी २००७ मध्यें ती लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाली. दोहोंचा मूळ मजकूर खुला आहे. तो कोणीही वाचावा, सुधारावा व आपल्या कामास लावावा, अशी त्यांच्या परवान्यांत मोकळीक आहे.

पाहुण्यास स्वतःची डिस्क दिसते. तिच्यावर तो दप्तर ठेवतो, हिशेब लिहितो, जुनें खोडतो. यजमानाकडे मात्र ही डिस्क बहुधा एक साधी फाइल असते. कधीं ती फाइलही नसून दूरच्या कोठारांतील एक कप्पा असतो. पाहुण्याच्या दृष्टिआड ही सारी सृष्टि चाललेली असते. डिस्क कोणत्याही प्रकारें ठेवलेली असो, पाहुण्यास ती सारखीच दिसावी, हें काम साठवणीच्या ड्रायव्हरांचें. क्यूएमूमध्यें असे ड्रायव्हर अनेक आहेत: कोऱ्या स्वरूपाच्या फाइलीसाठीं एक, क्यूएमूच्या स्वतःच्या क्यूकाऊ-२ नामक स्वरूपासाठीं एक, इतर कंपन्यांच्या व्हीएमडीके, व्हीडीआय, व्हीएचडीएक्स या स्वरूपांसाठीं वेगवेगळे, आणि तारायंत्राप्रमाणें दूरवर बोलणाऱ्या एनबीडी, आयस्कझी इत्यादि पद्धतींसाठीं आणखी कांहीं.

इतक्या भिन्न मंडळींनीं एकाच घरांत नांदावयाचें, तर प्रत्येकाचें कर्तव्य ठरवून दिलें पाहिजे. त्यासाठीं क्यूएमूमध्यें कर्तव्यांचा एक तक्ता केलेला आहे. उघड, वाच, लिही, शून्यें भर, टाकून दे, स्थिर कर, बंद कर, अशीं त्यांत कार्यें आहेत, आणि प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या रकान्यांत आपलीं कार्यें भरून देतो. या तक्त्यास इंटरफेस म्हणावयाचें. वरचा भाग आणि खालचा भाग यांमधील देवघेवीची ती सीमा होय.

येथें एक आक्षेप सहज सुचतो. मूळ मजकूर जर खुला आहे, तर करार निराळा लिहावयाचा कशासाठीं? ज्याला शंका असेल त्यानें मजकूर उघडून पाहावा! आक्षेप सयुक्तिक दिसतो, पण टिकत नाहीं. समजा, एका घराच्या जमाखर्चाच्या वहींत दिसतें, कीं भाडेकरू दरमहा पांच तारखेस भाडें देत आला आहे. आतां पांच तारखेस देण्याचा करार आहे, कीं ती त्या भल्या मनुष्याची केवळ संवय आहे, हें वही सांगूं शकत नाहीं. तें भाडेचिठ्ठींतच पाहिलें पाहिजे. उद्यां त्यानें दहा तारखेस पैसे दिले, तर करार मोडला कीं संवय बदलली? आज्ञावलीचा मजकूर ही अशी वही आहे. काय घडतें तें त्यांत दिसतें. कशावर विसंबावें तें दिसत नाहीं. आणि खुल्या कामांत तर लिहिणारे हात सतत बदलत असतात. ज्यानें पहिला ड्रायव्हर लिहिला तो दहा वर्षांनीं दुसऱ्या उद्योगांत असतो. त्याच्या डोक्यांत असलेला करार त्याच्याबरोबर निघून जातो, आणि मागें राहते ती केवळ वही.

आतां “स्थिर कर” या एकाच कार्याकडे पाहूं या. त्याला फ्लश असें नांव आहे. संगणक लिहावयाचा मजकूर लगेच डिस्कवर नेत नाहीं. वेळ वांचविण्यासाठीं तो आधीं तात्पुरत्या स्मृतींत ठेवतो. फ्लशची आज्ञा आली, कीं तो कायमच्या जागीं नेला पाहिजे. परंतु वाटेंत थांबे दोन आहेत: एक क्यूएमूच्या स्वतःच्या स्मृतींत, दुसरा यजमान यंत्राच्या स्मृतींत. म्हणून त्या तक्त्यांत फ्लशची निरनिराळीं कार्यें आहेत, आणि प्रत्येकावर दोन-तीन ओळींची टीप आहे. एका टिपेचा आशय असा, कीं या कार्यानें मजकूर यजमानाच्या स्वाधीन होतो. क्यूएमू मध्येंच कोसळली तरी तो वांचेल, पण तो अद्याप यजमानाच्या स्मृतींत असूं शकेल. दुसरीचा आशय असा, कीं या कार्यानें यजमानाकडे गेलेला मजकूर थेट डिस्कपर्यंत पोंचतो. पहिलें कार्य म्हणजे पत्र कचेरींत पोंचलें. दुसरें म्हणजे पोंचपावती आली. या टिपा नसत्या, तर नवख्या लेखकानें पहिल्यालाच दुसरें समजून ड्रायव्हर लिहिला असता. तो रोज बिनचूक चालला असता. वीज गेली त्या दिवशीं मात्र “नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा” असा अनुभव आला असता. साठवणींतील दोष असे असतात. नेहमींच्या दिवशीं ते दिसत नाहींत, आणि दिसतात त्या दिवशीं उपाय उरलेला नसतो.

करार अर्धवट लिहिल्यास काय होतें, याचें मोठें उदाहरण २०१८ सालीं पुढें आलें. मजकूर डिस्कवर स्थिर करण्यासाठीं यजमान यंत्राकडे एफसिंक नांवाची एक आज्ञा असते. ती अयशस्वी झाली, तर राहिलेलीं लेखनें पुरीं झाल्याची हमी नाहीं, एवढें मानकांत लिहिलेलें होतें. पण तीच आज्ञा पुन्हां दिली तर राहिलेला मजकूर पुन्हां लिहिण्याचा प्रयत्न होईल, कीं नाहीं? याविषयीं मानक गप्प होतें. पोस्टग्रेस या प्रसिद्ध माहितीकोशाच्या आज्ञावलीनें वर्षानुवर्षें असें धरून चालविलें होतें, कीं पुन्हां आज्ञा दिली म्हणजे पुन्हां प्रयत्न होतो. लिनक्समध्यें घडत होतें तें निराळेंच. एकदां अपयश आलें, कीं तो मजकूर “लिहून झाला” अशा खुणेनें बाजूला पडूं शके, आणि दुसरी आज्ञा हंसतमुखानें “यशस्वी” असें उत्तर देई. मजकूर मात्र डिस्कवर नसे. दोघांपैकीं कोणी लबाडी केली नव्हती. जेथें करार मुका होता, तेथें प्रत्येकानें आपल्या सोयीचा अर्थ घातला होता. फेब्रुवारी २०१९ मध्यें पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत असें अपयश येतांच काम तत्काळ थांबवावें आणि आपल्या रोजनाम्यावरून हिशेब पुन्हां जुळवावा, असा नियम घातला गेला.

क्यूएमूच्या फाइल-ड्रायव्हरांतही याच जागीं एक दीर्घ टीप आहे. अयशस्वी एफसिंकचा अर्थ स्पष्टपणें ठरलेला नसल्यामुळें सर्वांत वाईट तेंच गृहीत धरावें लागतें, आणि लिनक्सच्या बाबतींत तें गृहीत खरेंही ठरतें, अशी कबुली तिच्यांत दिलेली आहे. यजमानाच्या स्मृतीवर विसंबून चाललेलें काम असें एकदां फसलें, कीं तो ड्रायव्हर पुढच्या प्रत्येक फ्लशला अपयशाचेंच उत्तर देतो. दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकही फुंकून पितात, तशी ही सावधगिरी आहे. परंतु ती टीप तेथें लिहिलेली नसती, तर एखाद्या उत्साही सुधारकानें “हा निरर्थक हट्ट कशाला?” म्हणून त्या चार ओळी केव्हांच पुसून टाकल्या असत्या. हट्टाचें कारण लिहून ठेवलें, म्हणूनच तो टिकला.

दुसरें उदाहरण चोरीचें आहे. पाहुण्याची डिस्क कोणत्या स्वरूपाची आहे, हें क्यूएमूला कोणीं सांगितलें नाहीं, तर ती फाइलीचा आरंभ पाहून अंदाज करी. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी ही रीत होती. पण येथें शीत पाहुण्याच्याच हातीं होतें! कोऱ्या स्वरूपाच्या डिस्कच्या पहिल्या कप्प्यांत काय लिहावें, याचा अधिकार पाहुण्यास पूर्ण असतो. त्यानें तेथें क्यूकाऊ स्वरूपाचें शीर्षक लिहिलें आणि “माझा मूळ आधार अमुक फाइल आहे” असें यजमानाच्याच एका खाजगी फाइलीचें नांव घातलें, तर पुढच्या वेळीं यंत्र सुरूं होतांच क्यूएमू त्या शीर्षकावर विश्वास ठेवी आणि ती खाजगी फाइल पाहुण्यापुढें उघडून ठेवी. पाहुण्यानें यजमानाचें कपाट उघडावें, आणि किल्ली यजमानानेंच द्यावी, असा हा प्रकार होता. २००८ सालीं हा दोष नोंदला गेला, व डिस्कचें स्वरूप स्पष्ट शब्दांत सांगण्याची सोय झाली. क्यूएमूच्या वरच्या बाजूस राहून सर्व पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या लिबव्हर्ट या आज्ञावलींतही २०१० सालीं अशाच जातीचे दोष दुरुस्त करावे लागले. तरीही एका डिस्कच्या आधारावर दुसरी डिस्क निर्माण करतांना आधाराचें स्वरूप न सांगण्याची मोकळीक पुष्कळ दिवस राहिली. २०२१ सालच्या आवृत्तींत ती काढून घेतली गेली. एक शब्द लेखी मागावयास तेरा वर्षें लागलीं. कारण संवय एकदां जडली, कीं लोक तिलाच करार समजूं लागतात, आणि ती मोडणाऱ्याला दोष देतात.

आतां चांगल्या कराराचा नमुना पाहण्याजोगा आहे. क्यूकाऊ-२ या स्वरूपाचें लेखी वर्णन क्यूएमूबरोबरच दिलेलें असतें. शीर्षकांत कितवी आठवी-बिट कशासाठीं आहे, डिस्कचे तुकडे कसे पाडावयाचे, त्यांची सूची दोन पायऱ्यांनीं कशी लावावयाची, हें सारें त्यांत आहे. तुकडा सामान्यतः ६४ किलोबाइटांचा असतो. परंतु त्यांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट निराळी आहे. या स्वरूपाच्या तिसऱ्या आवृत्तींत पुढें होणाऱ्या सुधारणांसाठीं खुणांचे तीन वर्ग राखून ठेवले आहेत. पहिल्या वर्गांतील एखादी खूण वाचणाऱ्यास अपरिचित असेल, तर त्यानें ती फाइल उघडूंच नये. दुसऱ्या वर्गांतील अपरिचित खुणेकडे दुर्लक्ष करून खुशाल काम करावें. तिसऱ्या वर्गांतील अपरिचित खूण आढळली, तर वाचण्यास हरकत नाहीं, पण मजकुरांत बदल करण्यापूर्वीं ती पुसून टाकावी. म्हणजे जाणत्या माणसास पुढें कळतें, कीं मध्यंतरीं कोणी अजाण हात लागून गेला, आणि त्या खुणेशीं संबद्ध असलेल्या माहितीवर आतां विसंबूं नये. जें अद्याप सुचलेलेंही नाहीं, त्याविषयीं आज करार करून ठेवण्याचें हें कौशल्य आहे. मृत्युपत्र करणारा दूरदर्शी गृहस्थ न जन्मलेल्या नातवंडांचीही तरतूद करतो, त्यांतलाच हा प्रकार.

करार चांगला लिहिला आहे कीं नाहीं, याची कसोटी एकच. ज्यानें मूळ मजकूर पाहिलेला नाहीं, अशा परक्या मनुष्यास केवळ करार वाचून काम उभें करतां आलें पाहिजे. व्हर्टआयओ नांवाची योजना या कसोटीस उतरली. पाहुणा आणि यजमान यांनीं डिस्क व जाळें यांविषयीं एका ठराविक भाषेंत बोलावें, ही तिच्यामागील कल्पना. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानें २००८ सालीं तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि २०१६ सालीं ओएसिस या संस्थेनें तिला मानकाचें रूप दिलें. त्यांत प्रत्येक विधानाचें बळ ठरलेलें आहे: अमुक करावेंच लागेल, अमुक करणें इष्ट, अमुक करण्यास मोकळीक, अमुक करण्यास मनाई. फ्लशविषयीं तर वकिलासही संतोष व्हावा इतकें नेमकें लिहिलें आहे. फ्लशची आज्ञा देण्यापूर्वीं ज्या लेखनांचें उत्तर येऊन चुकलें होतें, तीं सर्व कायमच्या जागीं गेल्यावरच फ्लश पुरा झाल्याचें सांगावें. ज्यांचें उत्तर अजून आलें नव्हतें, त्यांची हमी नाहीं. तसेंच “टाकून दे” आणि “शून्यें भर” यांतील भेदही तेथें उघड केला आहे. शून्यें भरलेल्या भागांत पुढें शून्येंच वाचावयास मिळतात; टाकून दिलेल्या भागांत काय मिळेल, याविषयीं कांहींच गृहीत धरूं नये. जो हा भेद विसरेल, त्याच्यापुढें जुना पुसलेला हिशेब भुतासारखा उभा राहूं शकेल. या लेखी कराराच्या बळावर क्यूएमूशीं नातें नसलेल्या आज्ञावलींनींही, जसें फ्रीबीएसडीमधील बीहाइव्ह किंवा २०१८ सालीं प्रसिद्ध झालेली फायरक्रॅकर, यांनीं आपापल्या घरीं तेंच बोलणें स्वतंत्रपणें रचलें.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो खरा आहे. लेखी वर्णन शिळें होतें. मजकूर पुढें जातो आणि कागद मागें राहतो. खोटा नकाशा हातीं असण्यापेक्षां नकाशा नसलेला बरा, असें अनुभवी कारागीर म्हणतात. यावर उपाय एवढाच, कीं करार आणि काम यांचें घर एकच असावें. क्यूएमूच्या बाहेरून चालविण्याच्या आज्ञांची व्याख्या आणि तिचें वर्णन एकाच फाइलींत शेजारीं शेजारीं लिहिलेलें असतें. त्या एकाच फाइलीवरून आज्ञावलीचा भागही तयार होतो आणि पुस्तिकाही. वर्णनावांचून व्याख्या आली, तर ती नाकारण्याची योजनाही तेथें आहे. अलीकडच्या वर्षांत तर अमुक कार्य करतांना अमुक कुलूप हातीं असलें पाहिजे, यासारख्या अटीही अशा खुणांनीं लिहिल्या जाऊं लागल्या आहेत, कीं मजकूर तपासणारें यंत्रच त्यांचा भंग दाखवून देतें.

मग अशा करारांत लिहावें तरी काय? कार्याचें नांव आणि त्याला लागणाऱ्या वस्तूंची यादी तर मजकुरांत दिसतेच. तीच पुन्हां उतरून काढणें म्हणजे शाळकरी पोरानें गणित न सोडवितां फळ्यावरील आंकडे सुबक काढण्यासारखें आहे. लिहावयाचें तें निराळेंच. हें कार्य कोणीं, केव्हां आणि कशानंतर बोलवावें? “झालें” म्हणजे काय झालें? अपयश आल्यास मागें काय स्थिति राहते, आणि पुन्हां प्रयत्न करण्यांत अर्थ आहे कीं नाहीं? आणि सर्वांत महत्त्वाचें, कोणत्या गोष्टीची हमी मुळींच नाहीं? मौन आणि नकार यांत अंतर आहे. “याविषयीं हमी नाहीं” असें लिहिलेलें एक वाक्य पुढच्या मनुष्यास सावध करतें. न लिहिलेलें वाक्य त्याला फसवितें.

हें काम दिसावयास कोरडें आहे. नव्या ड्रायव्हरच्या कर्त्याचें कौतुक होतें; जुन्या कार्यावर तीन ओळींची टीप लिहिणाऱ्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तरी ज्या यंत्रांवर आज लोकांचे हिशेब, पत्रें व दप्तरें राहतात, त्यांतील ठेवीची सुरक्षितता त्या तीन ओळींवर पुष्कळ अंशीं अवलंबून असते. पूर्वींच्या काळीं गांवांत कुळकर्ण्याचें दप्तर नीट असलें, कीं शेताच्या बांधावरून होणारे निम्मे तंटे उद्भवतच नसत. बांध घालणारा निराळा, पीक काढणारा निराळा. पण बांध कोठें आहे, हें लिहून ठेवणारा हात दोघांचीही शेती राखीत असे.